फ्लोची बाजू

अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या देशी किराणा दुकानाला लागून पूर्वी गाद्यांचं एक दुकान होतं. ते बंद झालं आणि बरेच महिने त्याच्या काचेवर नुसते खाकी कागद चिकटवलेले होते. मग एका शनिवारी सकाळी नीलांबरीकाकू सुनेबरोबर कोथिंबीर आणि इडलीचं पीठ आणायला गेल्या, तर कागद निघून तिथे बॉक्सिंगच्या जिमची पाटी लागलेली. दार सताड उघडं होतं. ऋता गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवत होती. काकू पुढच्या सीटवर बसायला म्हणून वळल्या आणि दरवाज्याच्या कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

आतून आवाज येत होता. टकडक्, टकडक्, टकडक्. लाकडी फळीवर चामडं आपटल्याचा, एकसारखा, न थांबणारा.

"आई, बसताय ना?" ऋताने विचारलं.

"आलेच मी," म्हणाल्या आणि गाडीत न बसता सरळ जिममध्ये शिरल्या.

ऋता मागून धावत आली, तोवर काकू एका घामेजलेल्या मुलीशेजारी जाऊन उभ्या होत्या. ती मुलगी स्पीड बॅग मारत होती. स्पीड बॅग म्हणजे टांगलेल्या नासपतीच्या आकाराची, हवेने टम्म फुगलेली चामडी पिशवी. डोक्याच्या उंचीवर एक गोल जाड फळी आडवी बसवलेली असते, तिच्याखाली ही लोंबते. एक ठोसा मारला की पिशवी मागे, पुढे, पुन्हा मागे अशी फळीवर आपटते, आणि ती परत यायच्या बरोबर क्षणाला दुसरा ठोसा द्यायचा. बॉक्सर लोक हाताचा वेग आणि नजर पक्की व्हावी म्हणून तिच्यावर सराव करतात.

जिमचा मालक पुढे आला. पिकल्या दाढीचा, रुंद खांद्यांचा माणूस. लिऑन त्याचं नाव. "काही मदत करू का, मॅम?"

"मी जरा मारून बघू?" काकूंनी इंग्रजीत विचारलं. अंगात सलवार-कमीज, पायात चालायचे बूट, वय सत्तरीपार. लिऑनने एकदा ऋताकडे पाहिलं. ऋताने खांदे उडवले. तिलाही काही कळत नव्हतं.

लिऑनने फळी खाली घेऊन दिली. पहिला ठोसा चुकला. दुसरा लागला, पण पिशवी वाकडीतिकडी फिरून काकूंच्या चष्म्याशी आली. त्यांनी चष्मा काढून ऋताकडे दिला, डोळे मिटले, आणि हात वर धरून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग सुरू झाल्या. आधी हळू. मग उजवी मूठ, उजवा कोपर, डावी मूठ, पालथी मूठ. शेजारची मुलगी थांबली. लिऑनने छातीवर बांधलेले हात सोडले. आणि अगदी रंगात असताना काकूंनी एकदम हात खाली घेतले. पिशवी दोनतीन झोके खाऊन लटकली.

"का थांबलात?" लिऑन म्हणाला.

"पुढचा ठोसा माझा नाही."

"मग कोणाचा?"

काकूंनी समोर बोट केलं. "इकडे उभी असायची, तिचा."

समोर कोणीही नव्हतं. पाण्याच्या बाटल्यांचं एक रिकामं खोकं होतं.

*

नीलांबरी मूळची सांगलीची. मुलींच्या शाळेत असताना लेझमीच्या पथकात ती पुढच्या रांगेत असे. लग्न होऊन ती अमेरिकेत आली ती सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला. नवरा मनोहर तिथल्या हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर होता. तो सकाळी जाई तो कधीकधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येई, आणि बूटसुद्धा न काढता झोपे. एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. बाहेर गुडघाभर बर्फ. गाडी चालवता येत नव्हती. इंग्रजी पुस्तकातलं येत होतं, पण दुकानातली बाई काय म्हणते ते कळत नव्हतं. दिवसभर ती खिडकीशी बसून पोस्टमनची वाट पाही.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. मेबल हॅस्किन्स. ऐंशी ओलांडलेली, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कायम एप्रन बांधलेला. नमस्कार-चमत्कारापलीकडे तिच्याशी बोलणं नव्हतं.

कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं. एकदा दुपारी नीलांबरी कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरू लागली, तर खालून कसला तरी धडधडाट. तिला वाटलं, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचंच काहीतरी बिघडलं. घाबरत घाबरत तिने वाकून पाहिलं. तुळईला एक जाड फळी ठोकलेली होती, आणि तिच्याखाली ती म्हातारी, एप्रनसकट, एका चामडी पिशवीला मुठींनी, कोपरांनी, मधूनच कपाळाने मारत होती. चेहऱ्यावर हसू. समोरच्या फडताळात पीचच्या मुरंब्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, आणि बाई त्या बरण्यांकडे बघून हसत होती.

नीलांबरीच्या हातातली टोपली जिन्यावर टेकली. पाय आपोआप ठेका धरू लागला.

मेबलने न थांबता विचारलं, "तू नाचतेस का?"

"नाही. लेझीम." आणि लेझीम म्हणजे काय हे सांगायला शब्द सापडेनात, म्हणून तिने तिथेच, त्या थंडगार तळघरात, रिकाम्या हातांनी दोन पावलं करून दाखवली. खाली वाकून, गिरकी घेऊन, वर.

मेबलने पिशवी धरली. "ये इकडे," म्हणाली.

*

नंतर त्या दोघी रोज दुपारी तळघरात भेटू लागल्या. मेबल शिकवता शिकवता सांगे, आणि नीलांबरीला तिचं बोलणं हळूहळू कळू लागलं. तिचं खरं इंग्रजी त्या तळघरातच तयार झालं.

मेबलच्या लहानपणी या बॅगेचं अमेरिकेत वेड होतं. आधी नावाजलेले मुष्टियोद्धे नाटकगृहांतून नुसती बॅग मारून दाखवायचे आणि लोक तिकीट काढून ते बघायला यायचे. मग ज्यांनी आयुष्यात कुणाला ठोसा मारला नव्हता अशा लोकांनी त्याची कला केली. कोणी एकाच वेळी चारचार बॅगा मारी. कोणी पायांनी, कोणी डोक्याने. बायकाही त्यात होत्या, आणि पुष्कळ होत्या. मेबल आणि तिची धाकटी बहीण फ्लो सोळा-सतरा वर्षांच्या असताना यात पडल्या. 'डॅनफर्थ भगिनी' म्हणून त्यांची जाहिरात लागे. आगगाडीने गावोगाव जायचं, दिवसाला दोन खेळ. कुत्र्यांच्या कसरती, गाणारा, विनोदी जोडी अशा सगळ्या मंडळींच्या आधी यांचा नंबर, कारण बॅगवाल्यांना शब्द लागत नाहीत. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, टोप्या काढत असतात. त्या गलक्यातही ऐकू जाईल असा आवाज फक्त यांचा.

"लोकांना जागेवर बसवायचं काम आमचं," मेबल म्हणायची. "बसले की आम्ही आत."

दोघींचा खास खेळ होता तो एकाच बॅगेचा. बॅग मधे, दोन बहिणी समोरासमोर. मेबलने मूठ मारली की फ्लोने कोपराने परतवायची. फ्लोने दोन हलके दिले की मेबलने एक जोराचा. नीलांबरीला त्यात तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण आली. एकटीने तो खेळ होतच नसे. समोरून ठोसा आला नाही की बॅग लटकून गप्प.

पुढे नाटकगृहांचे मालक चित्रपटाचे पडदे लावू लागले. सिनेमा आला, मग बोलपट आला. कुत्रेवाले गेले, गाणारे गेले, बॅगवाले तर सगळ्यांच्या आधी गेले. फ्लो एका ट्रोम्बोन वाजवणाऱ्याशी लग्न करून पार दुसऱ्या किनाऱ्यावर, ओरेगनला निघून गेली. मेबल रेशमाच्या गिरणीत लागली. बॅग राहिली ती मुष्टियोद्ध्यांच्या तालमीत, नुसती सरावापुरती. फ्लो वारली तेव्हा दोघींची भेट होऊन वर्षं लोटली होती.

"तिच्याशिवाय मी पन्नास वर्षं अर्धंच मारतेय," मेबल म्हणाली. त्यात रडगाणं नव्हतं. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलली.

आणि तिने नीलांबरीला शिकवली ती फ्लोची बाजू.

शिकवायची तिची रीत कडक होती. माझ्या हातांकडे बघायचं नाही, हे पहिलं. हात बघितलेस की उशीर झालाच समज. कानाने ऐक. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, प्रेक्षकांत, आणि हसायचं. तेव्हा एक जण मुरंब्याच्या बरण्यांकडे बघून हसायची आणि दुसरी धुण्याच्या मशीनकडे. मेबलची मूठ कोरडी वाजे, कोपर जरा दबका, पालथी मूठ फटकन. नीलांबरीने ते सगळे आवाज पाठ केले. मनातल्या मनात त्यांना बोल दिले. टकडक् म्हणजे मूठ, धप्प म्हणजे कोपर, तडाक् म्हणजे पालथी. वर जाऊन पोळ्या लाटतानाही ती ते बोल पुटपुटे.

एकदा अगदी भरात असताना मेबल ओरडली, "फ्लो, डावा कोपर वर!" नीलांबरीने डावा कोपर वर घेतला. दोघीही त्यावर कधी काही बोलल्या नाहीत.

मनोहरला गंमत वाटे. तो दमून येऊन पलंगावर पडला की फरशीखालून येणारा तो ठेका ऐकत झोपी जाई. "तुमचं तळघरातलं आज फार छान झालं," असं जेवताना सांगे. "मधे एकदा कुणाचं तरी चुकलं." बहुतेक वेळा ते खरं असे.

दुसऱ्या वर्षी गावातल्या अग्निशामक दलाची उन्हाळी जत्रा होती. मेबल स्वतः त्यांच्या प्रमुखाला भेटून आली. ॲकॉर्डियनवाल्यानंतर आणि पाय खायच्या शर्यतीआधी त्यांना वेळ मिळाला. पाय म्हणजे फळं भरून भाजलेली गोड पेस्ट्री, हे नीलांबरीला पत्रातून सासूबाईंना समजावून सांगावं लागलं, नाहीतर त्यांनी भलताच काही समज करून घेतला असता. नीलांबरीने काष्टा मारून नऊवारी नेसायची असं ठरलं. मेबलने निळ्या साटिनचा स्कर्ट शिवायला घेतला.

शेवटचा तुकडा तेवढा शिकवायचा राहिला होता. "शेवट मी अगदी शेवटी शिकवते," मेबल म्हणायची. "आधी शिकवला की पोरी त्याच्याकडेच धावत सुटतात."

जत्रेला थोडे दिवस उरले असताना मेबल पुढच्या पोर्चच्या पायऱ्यांवरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा जत्रा होऊन गेली होती, आणि बोटं पुरती मिटत नव्हती. रबरी चेंडू दाबत ती पोर्चवर बसून राही. "पुढच्या वर्षी," म्हणे.

पुढच्या वर्षी मनोहरला जॉर्जियात, मेकनला नोकरी मिळाली. निहार तेव्हा पोटात होता. सामान ट्रकमध्ये चढलं. मेबलने नीलांबरीचे दोन्ही कोपर आपल्या हातांत धरले आणि दाबले, आपण एखाद्याचा हात दाबतो तसे. "जा," म्हणाली.

नाताळला फोन व्हायचा. "सराव?" मेबल विचारी.

"इथे बॅग कुठे आहे?"

"भिंत आहे ना?"

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात मेबलच्या भाच्याचा फोन आला. ती गेली होती. घर विकायला काढलं होतं. फळी काढून ठेवाल का, असं नीलांबरीला विचारायचं होतं, पण त्या परक्या माणसाला, त्याच्या घरच्या दुःखात, तळघरातल्या एका फळीबद्दल कसं विचारावं ते सुचलं नाही.

*

मेकनमध्ये पुढची चाळीस वर्षं गेली. नीलांबरी शाळेत शिकवू लागली, रविवारी मुलांचे मराठीचे वर्ग घेऊ लागली, आणि पाहता पाहता सगळ्यांची नीलांबरीकाकू झाली. दिवाळीला तिच्या चकल्या अटलांटापर्यंत जात. हे बॅगेचं कुणाला माहीत नव्हतं. सांगायचं तरी काय? लोकांनी हसून ऐकलं असतं, आणि तिला ते कुणी हसून ऐकलेलं नको होतं.

पण ते सुटलंही नाही. गाडी सिग्नलला थांबली की स्टीअरिंगवर बोटं चालू. कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना ओट्यावर कोपर. ठरलेल्या जागी हात थांबे आणि समोरचा ठोसा यायची वाट पाही. जगात एकट्या मनोहरला ते ओळखू यायचं. कधीतरी जेवण झाल्यावर तो मुद्दाम टेबलावर वाजवी, टकडक् धप्प, अगदी चुकीचं, आणि ती हसून उत्तर देई.

मनोहर गेला. त्यानंतर तो आवाज या जगात कोणाला माहीत आहे, असा विचार एकदा टेबलापाशी बसल्या बसल्या काकूंच्या मनात आला. वर्षभराने निहारने त्यांना अल्फारेटाला आपल्याकडे आणलं. घर मोठं होतं, ऋता मायेची होती, नात अनिका लाघवी होती. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी दुपारी घरात कोणी नसलं की काकूंना वाटे, आपण कुठल्या तरी स्टेशनवर उतरायचं चुकवलं आहे.

*

त्या शनिवारी हे सगळं लिऑनने ऐकून घेतलं. ऋताही ऐकत होती. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती, पण सासूबाईंच्या तोंडून मेबल हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं.

लिऑन तरुणपणी सव्हाना शहरात मुष्टियोद्धा होता. म्हणाला, "माझा म्हातारा उस्ताद सांगायचा, बॅगवाल्यांना पाहायला लोक नाटकगृहात जायचे म्हणून. मला वाटायचं थापा मारतो." मग म्हणाला, "मंगळवारी सकाळी इथे कोणी नसतं, मिस नीला."

ऋताचं काम घरूनच चालायचं. दर मंगळवारी ती काकूंना सोडायची आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून मीटिंग घ्यायची. एकदा तिच्या मॅनेजरने विचारलं की मागे घराचं काम चाललंय का.

लिऑन समोर उभा राही आणि काकू त्याला मेबलची बाजू सांगत. अडचण अशी की मेबलचे हात त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. होते ते नुसते आवाज. "टकडक्, टकडक्, धप्प. नाही नाही, हा धप्प खालून येतो. जरा ओला."

"ओला?"

"हं, ओला. दमलेल्या माणसाने मारल्यासारखा."

लिऑन कोपर वरून मारून बघे, खालून मारून बघे, बाजूने मारून बघे. काकू डोळे मिटून मान हलवत. मग कधीतरी एकदम, "हां! हेच!" आणि तो जिथल्या तिथे पुतळ्यासारखा उभा राही, हात कुठे आहे ते विसरू नये म्हणून.

निहारने इंटरनेटवर शोधलं. त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या काही जुन्या फिती सापडल्या. त्या त्याने बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर लावल्या. एक मिशीवाला माणूस, मग फुलाफुलांच्या स्कर्टमधली एक बाई, दोनदोन बॅगा, हात इतके जलद की नुसता धूर दिसावा. काकू खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज वाढव ना जरा."

"आई, आवाज नाहीये. सायलेंट आहे ते. तेव्हा आवाज रेकॉर्ड करायचे नाहीत."

काकू त्या बाईच्या हातांकडे पाहत राहिल्या. ती मेबल नव्हती. पण इथे हात होते आणि आवाज नव्हता. त्यांच्याकडे आवाज होता आणि हात नव्हते. अनिका म्हणाली, "आजी, दॅट्स सो सॅड, यार." काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा लाव."

गणपतीत मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो. ऋतानेच परस्पर मंडळाला विचारलं. सांस्कृतिक समितीच्या अहिल्याचा काकूंना फोन आला. "काकू, तुमचं नाव कळलं. पण हे नक्की काय आहे? डान्स, म्युझिक की फिटनेस? मला कॅटेगरी टाकावी लागते."

"तुला काय वाटतं ते टाक."

"'इतर' टाकते," अहिल्या म्हणाली.

भाड्याने घेतलेल्या शाळेचं मोठं सभागृह. दुपारची वेळ, मोदकाचं जेवण होऊन लोक सुस्तावलेले. बालनाट्य झालं होतं, पुढे फॅशन शो होता. मधल्या वेळात मुलं धावत होती, आया त्यांना खुर्च्यांवर बसवत होत्या. लिऑनने आपल्या पिकअपमधून लोखंडी चौकट आणून स्टेजवर मांडली. सूत्रसंचालक प्रतापने "आता काहीतरी हटके" असं म्हणून माइक ठेवला. कोणाचं फारसं लक्ष नव्हतं.

काकूंनी पहिला ठोसा मारला आणि त्या पोकळ स्टेजखालून, लाकडातून, तो आवाज असा घुमून वर आला की त्या स्वतःच दचकल्या. तळघरात तो कधी एवढा मोठा वाजला नव्हता. लिऑनने परतवला. टकडक्, टकडक्, धप्प. गलका आधी पुढच्या रांगांत थांबला, मग मागच्या. उभी असलेली माणसं खाली बसली. लोकांना जागेवर बसवायचं काम आमचं, असं म्हणणारी बाई काकूंना आठवली, आणि तिने सांगितल्याप्रमाणे त्यांनी नजर उचलून लिऑनच्या खांद्यावरून पलीकडे, अंधारातल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हसल्या.

तेव्हाच ते त्यांना कळलं. लिऑन चांगला मारत होता. मनापासून मारत होता. मंगळवारमागून मंगळवार त्याने त्यांच्यासाठी कोपर झिजवले होते. आणि तरी त्या त्याच्या प्रत्येक ठोशात दुसऱ्याच कोणाला ऐकत होत्या, ठोसा कणभर उशिरा आला तर मनात म्हणत होत्या, ती असती तर. मेबलही अशीच ऐकत असेल. त्या तळघरात, रोज दुपारी, सांगलीहून आलेल्या पोरीच्या कोपराकडे कान लावून, ओरेगनला गेलेल्या बहिणीला. इतकी वर्षं नीलांबरीला वाटत होतं की ते सगळं आपल्यासाठी होतं. पण त्याचं वाईट नाही वाटलं. निरोप घेताना मेबलने जे कोपर दाबले होते ते फ्लोचे नव्हते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोरचा लिऑन घामाने निथळत होता, आणि काकूंना त्याच्याबद्दल एकदम फार माया वाटली.

खेळातली एक जागा त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. तिथे लिऑनने स्वतःचं काहीतरी भरलं. मग पुढचं आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि शेवटच्या तुकड्याच्या तोंडाशी, जिथे मेबलचं शिकवणं थांबलं होतं, तिथे काकूंनी दोन्ही हातांनी बॅग धरली. लिऑनने सरावात कितीदा म्हटलं होतं, आपण एखादा दणदणीत शेवट बसवू. काकूंनी ऐकलं नव्हतं.

संपलं की थांबलं, कोणालाच कळेना. मग मागून अनिकाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि टाळ्या कोसळल्या.

नंतर पुष्कळ बायका भेटल्या, फोटो झाले, "काकू, यू आर अ रॉकस्टार" झालं. लिऑनला लोकांनी मोदक खायला घालून बेजार केलं. काकू सगळ्यांशी हसून बोलल्या आणि लवकर घरी चला म्हणाल्या.

गाडीत ऋता म्हणाली, "आई, एक विचारू? मला शिकवाल?"

काकू बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या कडेच्या झाडांवर ऊन उतरलं होतं.

"शिकवीन की. पण हे नाही. फ्लोची बाजू मी कोणाला देणार नाही. तुझं वेगळं काहीतरी बसवू, पहिल्यापासून, तुझ्या हाताला येईल असं."

"का पण? हे तुमच्याबरोबर संपून जाईल ना."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "मेबलला हवी होती ती जोडी झाली नाही, मला हवी होती तीही झाली नाही. आता तुलाही त्याच रांगेत कशाला उभी करू? तू आपली नवी सुरुवात कर."



आता मंगळवारी ऋता लॅपटॉप उघडत नाही. ती मुठीला पट्ट्या बांधते आणि बॅगेवर तुटून पडते. तिचे ठोसे फार जोरात जातात. लिऑन म्हणतो, मिस ऋता, ती पिशवी आहे, तुमचा मॅनेजर नाही. काकू स्टुलावर बसून टाळीने ठेका धरतात, तिचा कोपर वर उचलून देतात, चुकलं की खळखळून हसतात. त्या सकाळी त्यांचा चेहरा उजळलेला असतो, हे निहारच्याही लक्षात आलं आहे.

मात्र परतताना एक गोष्ट होते. नव्या आवाजांनी कान भरले की जुना आवाज जरासा मागे सरकतो. तो ओला धप्प नेमका कसा होता, हे आठवायला काकूंना दर आठवड्याला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून गाडीत बसल्यावर त्या पट्टा लावतात, डोळे मिटतात, आणि मांडीवर ठेवलेल्या मुठी हळूच हलू लागतात. ओठ पुटपुटत असतात. मधेच मुठी थांबतात, समोरून काही यायची वाट बघतात, आणि पुन्हा चालू होतात.

ऋताला ते आता ठाऊक आहे. ती गाडी सुरू करत नाही. किराणा दुकानातून माणसं पिशव्या घेऊन येत-जात असतात, कोणी ओळखीचं हात करतं. ती हात करते आणि शेजारच्या मुठी थांबेपर्यंत बसून राहते.